गोळीपर्यंत नेणारी माणसं टिकवा

जिल्हा रुग्णालयात एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांचं केंद्र, कुठे आहे, हे विचारायला पहिल्यांदा आलेला माणूस सहसा धजावत नाही. तो केसपेपरच्या रांगेत उगाच उभा राहतो, औषधांच्या खिडकीपाशी घुटमळतो आणि शेवटी कुणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलेला नंबर फिरवतो. पलीकडून उत्तर येतं, "जिन्यापाशी थांबा, मी येते." येणाऱ्या बाई कागदोपत्री समुपदेशक असतात, किंवा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातल्या आउटरीच वर्कर, किंवा गावोगाव फिरणाऱ्या लिंक वर्कर. पेशंटच्या लेखी त्या 'ताई' किंवा 'मॅडम'. नोकरी कंत्राटी, मानधन तुटपुंजं, आणि तेही महिन्याच्या महिन्याला हातात पडेल याची खात्री नाही. महाराष्ट्रात एचआयव्हीची साथ उतरणीला लागली, त्याच्या श्रेयातला मोठा वाटा या बायकांचा आणि पुरुषांचा आहे. पैसा आखडू लागला की पहिली कात्री लागते तीही यांनाच. ही माणसं टिकली पाहिजेत, एवढं एकच मागणं या लेखात आहे.

एचआयव्ही संपला, असा समज आता शहरी मराठी वाचकाच्या मनात पक्का बसला आहे. त्यात त्याचा फारसा दोष नाही. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र देशातल्या सहा 'जास्त प्रादुर्भावाच्या' राज्यांपैकी एक होता. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला येणाऱ्या गरोदर बायकांमध्ये शंभरात एकीपेक्षा जास्त पॉझिटिव्ह, असा त्या यादीत येण्याचा निकष होता. तेव्हा एसटी स्टँडच्या भिंतींवर, ट्रकच्या मागे, शाळांच्या निबंध स्पर्धांत, सगळीकडे एड्स होता. आता तो कुठेच दिसत नाही. पण राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, म्हणजे नॅकोचा, २०२३ सालचा अंदाज असा आहे की देशात पंचवीस लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगताहेत आणि त्यातले सर्वाधिक, सुमारे ३.९ लाख, महाराष्ट्रात आहेत. त्या एका वर्षात देशात सुमारे ६८ हजार नव्या लागणी झाल्या आणि जवळपास ३६ हजार माणसं एड्सशी संबंधित आजारांनी गेली. रोजची सरासरी काढली तर जवळजवळ शंभर.

हे आकडे ऐकून कुणी म्हणेल, औषध तर आहे! आहेच. शिवाय ते स्वस्त होण्यामागे मुंबईच्याच एका कंपनीचा हात आहे. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा मिळून वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. त्याआधी श्रीमंत देशांत याच उपचाराला दहा हजार डॉलरच्या वर पडत होते. त्या एका घोषणेने आफ्रिकेतल्या लाखो माणसांचं आयुष्य बदललं. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी मोफत मिळू लागली, सुरुवात आठ रुग्णालयांतून झाली आणि त्यात मुंबईचं जे. जे. होतं. २०१७ पासून सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, कितीही असो, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच औषध सुरू करायचं, हे धोरण आलं. आज बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. ती नीट घेतली तर रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली जातो, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे गोळी पेशंटला जगवते आणि साथही रोखते.

मग माणसं का मरतात? कारण नॅकोच्याच हिशेबाने देशातल्या पॉझिटिव्ह लोकांपैकी साधारण पाचातल्या एकाला आपल्याला लागण झाल्याचं माहीत नाही. काहींना कळतं ते टीबीने अंथरूण धरल्यावर. काही औषध सुरू करतात आणि मधेच सोडतात. सेंटरच्या भाषेत त्यांना 'एलएफयू', म्हणजे 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणतात. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे या तीन अक्षरांचा शेरा पडतो आणि मग कुणाला तरी त्यांच्या शोधात निघावं लागतं.

हे शोधणं म्हणजे काय, ते बीडसारख्या जिल्ह्यात समजतं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो. गाळप हंगाम संपेपर्यंत चार-पाच महिने मुक्काम उसाच्या फडाजवळच्या खोपीत. गोळी चालू असलेली बाई या मुक्कामात काय करणार? एक दिवस गोळ्या आणायला जायचं तर मजुरी बुडते, खाडा लागतो, आणि मुकादमाला कारण सांगावं लागतं. खोपीला दार नाही, त्यामुळे गोळ्यांची बाटली लपवायची तरी कुठे? टोळीत एकाला कळलं की सगळ्यांना कळलं. काही बायका बाटलीवरचं लेबल खरवडून काढतात आणि विचारलं तर रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून सांगतात.

अशा बाईचं औषध टिकतं ते तिच्या ताईला हंगामाची तारीख पाठ असते म्हणून. टोळी निघायच्या आधी तिला बोलावून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळवून देणं, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत चाललीस ते विचारून तिथलं जवळचं एआरटी सेंटर शोधणं, तिथल्या समुपदेशकाला फोन करून 'आमची एक पेशंट येतेय, तिला रांगेत ताटकळत ठेवू नका' असं सांगणं. या फोनची नोंद कोणत्या रजिस्टरात होत असेल असं मला वाटत नाही. पण हा फोन झाला नाही तर फेब्रुवारीपर्यंत गोळ्या संपलेल्या असतात, विषाणू पुन्हा वाढतो, आणि ती उन्हाळ्यात गावी परतते तेव्हा खोकत परतते.

ऊसतोड हे एक उदाहरण झालं. एखादा शेतमजूर जवळचं सेंटर सोडून दोन एसट्या बदलून शेजारच्या जिल्ह्यात जातो, कारण जवळच्या सेंटरात त्याच्या भावकीतला कुणी वॉर्डबॉय आहे. नकाशावर अंतर मोजणाऱ्याला हे दिसत नाही. तरुण विधवेला सासरच्यांनी बाहेर काढलेलं असतं, तिच्या आधारकार्डावरचा पत्ता एकीकडचा आणि ती राहते भलतीकडे. नवरा पॉझिटिव्ह निघाला तर बायकोला सांगायचं कसं, हे त्या नवऱ्याला शिकवावं लागतं. बारा वर्षांच्या मुलाला आपण रोज गोळी का घेतो हे कधी आणि कुणी सांगायचं, याचा निर्णय आजी-आजोबांबरोबर बसून घ्यावा लागतो. पॉझिटिव्ह आईच्या बाळाची पहिली चाचणी ते सहा आठवड्यांचं झाल्यावर व्हायला हवी. बाळंतीण माहेरी गेलेली असेल तर माहेरचं गाव शोधून काढावं लागतं. यातलं एकही काम यंत्राने होणारं नाही, आणि डॉक्टरला तर त्यासाठी वेळच नाही.

आणि ज्यांच्यापर्यंत डॉक्टर कधी पोचतच नाही, त्यांचं काय? इथे सांगलीची आठवण काढायला हवी. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं. बाहेरच्यांनी वस्तीत येऊन उपदेश करण्यापेक्षा वस्तीतल्या बायकांनीच एकमेकींना निरोध द्यावेत, एकमेकींना दवाखान्यात न्यावं, अशी ती पद्धत होती. त्यातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. पुढे अमेरिकेने २००३ मध्ये एड्सविरोधी मदतीचा कायदा केला आणि त्यात अट घातली की पैसे हवे असतील तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध करणारं धोरण लेखी जाहीर करावं. ज्या बायकांबरोबर काम करायचं, त्यांच्याविरुद्धच्या कागदावर सही करायची! संग्रामने सही केली नाही, पैसे सोडले. जिल्ह्याच्या गावातल्या एका संस्थेने वॉशिंग्टनला दिलेलं हे उत्तर मराठी माणसाला अभिमानाने सांगता यावं असं आहे, पण ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

वस्तीतलीच बाई किंवा तृतीयपंथीयांमधलीच एखादी व्यक्ती आपल्या लोकांची जबाबदारी घेते, तिला कार्यक्रमात 'पिअर' म्हणतात. नॅकोच्या नियमाने साधारण साठ जणींमागे एक पिअर असते. ही रचना वस्त्या आणि अड्डे ठरलेले होते त्या काळात बसवलेली आहे. आज कामाठीपुरा ओसरला आहे, बायका उपनगरांत, लॉजवर, महामार्गांवर विखुरल्या आहेत आणि गिऱ्हाईक मोबाइलवर ठरतं. समलिंगी पुरुषांची भेट बागेत कमी आणि अॅपवर जास्त होते. म्हणजे साठ जणींना गाठायला पूर्वी एक गल्ली फिरून होत असेल, तिथे आता अर्धं शहर पालथं घालावं लागतं. काम वाढलं आहे आणि माणसं मात्र तेवढीच ठेवायची किंवा कमी करायची भाषा चालते. मला हे शहाणपणाचं वाटत नाही.

औषध आणि पेशंट यांच्यामध्ये माणूस लागतो, हा धडा खरं तर जगाला गरीब देशांनीच दिला. युगांडात नोएरिन कलीबा यांचा नवरा एड्सने गेला आणि १९८७ मध्ये त्यांनी काही सोबत्यांना घेऊन 'टासो' ही संस्था काढली. तेव्हा औषध नव्हतं, होती ती फक्त सोबत. मलावीत गरोदर बायकांना औषध द्यायचं की नाही हे ठरवायला सीडी-फोर मोजायची यंत्रं खेड्यांत नव्हती. २०११ मध्ये त्या सरकारने ठरवलं की मोजत बसायचं नाही, पॉझिटिव्ह गरोदर बाईला सरळ आयुष्यभराचं औषध सुरू करायचं. श्रीमंत देशांतल्या तज्ज्ञांनी आधी भुवया उंचावल्या. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने तेच धोरण जगाला सांगितलं आणि पुढे भारतानेही घेतलं. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतो, उपचारांनी तो पाचाच्या खाली येतो.

मोझांबिकच्या तेते प्रांतातली गोष्ट मला अधिक आवडते. तिथे दवाखाना चालत जायच्या अंतरावर नव्हता आणि दर महिन्याला जायची ऐपत नव्हती. २००८ पासून तिथल्या पेशंटनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या मदतीने सहा-सहा जणांचे गट केले. दर महिन्याला एकाने जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि बाकी पाच जणांच्या गोळ्या घेऊन यायच्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. औषध सोडणाऱ्यांचं प्रमाण या गटांत अगदी कमी राहिलं. हीच योजना आपल्या ऊसतोड टोळीत जशीच्या तशी चालेल असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. सहा जणांनी एकमेकांना आपला आजार सांगावा लागतो, आणि आपल्याकडे ते अजून फार जड आहे. तोवर तरी त्या पाच शेजाऱ्यांचं काम ताईलाच करावं लागणार.

ही साखळी तुटली की काय होतं, हे २०२५ मध्ये जगाने पाहिलं. २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवस थांबवण्याचा आदेश काढला. २००३ पासून चालत आलेला 'पेपफार' हा एड्सविरोधी कार्यक्रम त्यात सापडला. आफ्रिकेतल्या कित्येक दवाखान्यांच्या दारावर कुलपं आली, समुपदेशकांना आणि घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. काही दिवसांनी जीवरक्षक उपचारांना सवलत मिळाली, म्हणजे गोळ्या द्यायला परवानगी मिळाली. पण प्रतिबंधाचं काम, वेश्याव्यवसायातल्या बायकांसाठीची आणि समलिंगी पुरुषांसाठीची केंद्रं, गावपातळीवरचे कार्यकर्ते, यांना त्या सवलतीत जवळजवळ जागा नव्हती. गोळी कपाटात आणि पेशंटला कपाटापर्यंत आणणारा माणूस घरी. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएनएड्स' संस्थेच्या अहवालात नायजेरियाचा आकडा आहे. लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध तिथे महिन्याला चाळीस हजार लोक नव्याने सुरू करायचे, ते सहा हजारांवर आले. ही मदत कायमची थांबली आणि तिची जागा कुणी घेतली नाही, तर २०२९ पर्यंत जगात साठ लाख जास्तीच्या लागणी आणि चाळीस लाख जास्तीचे मृत्यू होतील, असा त्याच संस्थेचा इशारा आहे.

आपल्यावर ही वेळ वॉशिंग्टनमुळे येणार नाही. भारताच्या कार्यक्रमाचा बहुतांश खर्च आपलं सरकारच करतं, आणि त्याबद्दल सरकारला मान दिलाच पाहिजे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी, सुमारे १५,४७२ कोटी रुपयांची तरतूद होती. पण याचा दुसरा अर्थ असा की आपल्याकडे ही साखळी तुटली तर खापर फोडायला परका कुणी सापडणार नाही. आणि तुटू शकते, हे दिसलेलं आहे. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा झाला तेव्हा पॉझिटिव्ह लोकांनी दिल्लीत नॅकोच्या दारात महिनाभराहून जास्त काळ धरणं धरलं होतं. औषध संपलं तेव्हा निदान आरडाओरडा झाला, बातम्या आल्या. समुपदेशकाची जागा वर्षभर रिकामी राहिली तर बातमी होत नाही.

एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. एचआयव्ही आता मधुमेहासारखा दीर्घकाळचा आजार झाला, मग त्याच्यासाठी वेगळी माणसं कशाला? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडे द्या. ऐकायला रास्त वाटतं, आणि गोळ्या देण्यापुरतं ते काही अंशी खरंही आहे. पण मधुमेह झाला म्हणून सासरच्यांनी कुणाला गोठ्यात झोपवल्याचं मी ऐकलेलं नाही. मधुमेही पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत दुसऱ्या रुग्णालयात पाठवून देत नाहीत. एचआयव्हीच्या पेशंटच्या बाबतीत हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानंतरही घडतं. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, कुठेही भेदभाव करायला त्याने मनाई केली आहे, संमतीशिवाय चाचणी करायला आणि कुणाचा आजार उघड करायलाही. पण हा कायदा पेशंटला कोण सांगतं? पुन्हा तीच ताई. आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतकी कामं आहेत की त्यात हे ढकलायचं म्हणजे दोन्ही बुडवायचं. शिवाय आशा त्याच गावची असते, आणि लपवायचं असतं ते गावापासूनच.

मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ती मात्र एका चांगल्या बातमीची. लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन आलं आहे, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं, लागण होऊ नये म्हणून. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ज्या दोन हजारांहून अधिक तरुणींना ते दिलं, त्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या वर ठेवली गेली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या दोन कंपन्या त्याची जेनेरिक आवृत्ती २०२७ पासून वर्षाला सुमारे चाळीस डॉलरला गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या १२० देशांत देतील. सिप्लाच्याच तोडीची ही गोष्ट आहे. मग धास्ती कसली? याची की 'आता इंजेक्शन आलं' म्हणत धोरणकर्ते माणसांवरचा खर्च आणखी कमी करतील. हे इंजेक्शन कुणाला द्यायचं हे कोण शोधणार? सुईच्या आधीची चाचणी आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरात गेलेल्या मुलीला फोन, हे कोण करणार? मोफत गोळीच्या बाबतीत वीस वर्षांत जे शिकलो ते इंजेक्शनच्या बाबतीत पहिल्यापासून शिकायची गरज नाही.

आता मागण्या. राज्य आणि केंद्र सरकारने कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यांत समुपदेशक, आउटरीच वर्कर, लिंक वर्कर आणि पिअर यांच्यासाठी वेगळी, हात न लावता येणारी तरतूद करावी आणि मानधन महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा करावं. तीन महिने पैसे न मिळालेल्या माणसाकडून दुसऱ्याला औषधाची शिस्त लावायची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? साखर कारखान्यांनी गाळपाच्या हंगामात आपल्या हद्दीत तपासणी आणि औषधाची सोय लावून द्यावी, आणि ती अशी की मजुराचा दिवस बुडणार नाही आणि मुकादमाला कारण सांगावं लागणार नाही. सभासदांना साखर वाटणाऱ्या कारखान्याला हे परवडतं. डॉक्टरांनी पॉझिटिव्ह पेशंटला हात लावावा, एवढंच मागतो. संसर्ग टाळण्याची खबरदारी सर्वच पेशंटच्या बाबतीत सारखी घ्यायची असते, हे त्यांना शिकवलेलं आहे.

आणि तुम्ही, वाचक. तुमच्या ओळखीत कुणी नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर बहुधा त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीमध्ये, चाचणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर घरातल्या तरुण मुलांना सांगून ठेवा. मतं मागायला येणाऱ्या आमदार-खासदाराला रस्त्याबद्दल विचारता तसं एकदा एआरटी सेंटरबद्दल विचारा. आणि एक काम अवश्य करा. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि आपल्या जिल्ह्यापुरते दोन प्रश्न विचारा: समुपदेशक आणि आउटरीच वर्करच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि कामावर असलेल्यांचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिलं आहे? उत्तर आलं की ते स्थानिक वर्तमानपत्राला द्या. अर्जाची फी दहा रुपये आहे.